डॅनिश वाक्यात क्रियापद दुसऱ्याच जागी का बसतं?

डॅनिश शिकायला घेतलेल्या मराठी माणसाला सुरुवातीला ही भाषा फारच सोपी वाटते. मी पितो, मी पिते, तू पितोस, ती पिते, आम्ही पितो, ते पितात. मराठीत क्रियापदाची इतकी रूपं, आणि डॅनिशमध्ये या सगळ्यांना मिळून एकच शब्द: ड्रिकर. पुरुष बदला, लिंग बदला, वचन बदला, ड्रिकर तसंच राहतं. नामांना ला, ने, त, हून असली विभक्तीची शेपटं नाहीत. मग जरा लांब वाक्यं लिहायची वेळ येते आणि वही लाल शाईने भरू लागते. शब्द सगळे बरोबर, स्पेलिंगही बरोबर, तरी प्रत्येक ओळीत बाण काढून कुठला तरी शब्द उचलून दुसरीकडे नेलेला असतो.

या बाणांमागचा हिशोब एकदा कळला की डॅनिश व्याकरणाचा मोठा भाग हाताशी येतो. माझं आणखी एक ठाम मत आहे: या बाबतीत मराठी माणसाला मराठी फारशी आडवी येत नाही, आडवी येते ती शाळेत पक्की झालेली इंग्रजी. आपण डॅनिश वाक्य इंग्रजीवर बेतून रचतो आणि तिथेच घसरतो. मराठीचा कान शाबूत ठेवला तर कितीतरी गोष्टी ओळखीच्या निघतात.

उदाहरणांमधले डॅनिश शब्द देवनागरीत कानाला ऐकू येतात त्याच्या जवळपास लिहिले आहेत. डॅनिशमधले काही स्वर आणि तो मऊ 'द' आपल्या लिपीत पुरता उतरत नाही. इथे आपल्याला उच्चारापेक्षा क्रमाशी काम आहे, तेव्हा तेवढं चालवून घ्या. शब्दही मोजकेच वापरतो: याय म्हणजे मी, डू म्हणजे तू, हॅन म्हणजे तो, ड्रिकर म्हणजे पितो, काफे आणि टे म्हणजे कॉफी आणि चहा, इके म्हणजे नाही, नू म्हणजे आता.

शेपटं गेली, जागा उरल्या

'कुत्रा माणसाला चावला.' हे वाक्य मराठीत कसंही फिरवा. 'माणसाला कुत्रा चावला', 'चावला कुत्रा माणसाला'. कोण कोणाला चावलं याबद्दल कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण ते काम 'ला' करतो. क्रम बदलला की फक्त जोर बदलतो, बोलण्याचा रंग बदलतो.

डॅनिशमध्ये हा 'ला' नाही. कुत्रा म्हणजे हुनन, माणूस म्हणजे मॅनन, चावला म्हणजे बेद. 'हुनन बेद मॅनन' म्हणजे कुत्रा माणसाला चावला. 'मॅनन बेद हुनन' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूसच कुत्र्याला चावायला धावतो. जुन्या डॅनिशमध्ये विभक्ती होत्या. काही शतकांत त्या झिजून गेल्या आणि आता सर्वनामांतच त्यांच्या खुणा दिसतात: हॅन म्हणजे तो, हॅम म्हणजे त्याला. क्रियापदानेही पुरुष आणि वचन सांगणं सोडून दिलं, त्याच्याकडे काळ तेवढा राहिला. कोण करतंय आणि कोणाला करतंय हे सांगण्याची जबाबदारी मग शब्दाच्या जागेवर येऊन पडली.

यातूनच आणखी एक गोष्ट येते. मराठीत 'येतो हं' एवढं म्हणून दाराबाहेर पडता येतं, कारण 'येतो' मध्ये 'मी' आणि बोलणारा पुरुष आहे हे दोन्ही आलं. डॅनिशमध्ये कर्ता असा गाळता येत नाही. सांगण्यासारखा कर्ता नसेल तरी जागा भरावी लागते. 'पाऊस पडतोय' याला डॅनिश माणूस म्हणतो 'डे रायनर'. यातला 'डे' म्हणजे 'ते', आणि हे 'ते' म्हणजे कोण याला उत्तर नाही. जागा रिकामी राहू नये म्हणून ते तिथे आहे.

दुसरी जागा

मुख्य नियम एका ओळीचा आहे. साध्या विधानात काळ दाखवणारं क्रियापद दुसऱ्या जागी येतं, आणि पहिल्या जागी जवळजवळ काहीही येऊ शकतं.

याय ड्रिकर काफे. (मी पितो कॉफी.)
नू ड्रिकर याय काफे. (आता पितो मी कॉफी.)
टे ड्रिकर याय इके. (चहा पितो मी नाही.)

दुसऱ्या वाक्यात 'नू' पहिल्या जागी आला. क्रियापद जागचं हललं नाही, म्हणून 'याय' ला उठून त्याच्या पलीकडे जावं लागलं. इंग्रजीची सवय नेमकी इथे दगा देते. इंग्रजीत 'आता' आधी टाकलं तरी पुढे 'मी पितो' हा क्रम तसाच राहतो, म्हणून हात आपोआप 'नू याय ड्रिकर काफे' असं लिहून जातो. ते चूक आहे, कारण क्रियापद तिसऱ्या जागी गेलं. उलट 'आता पितो मी कॉफी' हे मराठी कानाला खटकत नाही. जरा लाडात येऊन किंवा ठसक्यात बोललेलं वाटतं इतकंच. मराठीत जी लकब आहे, तो डॅनिशमध्ये नियम आहे.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे. पहिल्या जागी एक अख्खी गोष्ट बसते, मग ती कितीही शब्दांची असो. 'इ डे स्टोरे हूस ड्रिकर हॅन टे' म्हणजे 'त्या मोठ्या घरात तो चहा पितो'. इथे पहिली जागा चार शब्दांनी व्यापली आहे, तरी जागा एकच. एखादं आख्खं उपवाक्यही तिथे बसू शकतं: 'नॉर याय कॉमर येम, ड्रिकर याय काफे', म्हणजे 'मी घरी येतो तेव्हा कॉफी पितो'. 'मी घरी येतो तेव्हा' हा सगळा तुकडा पहिला, म्हणून त्याच्या पाठोपाठ लगेच ड्रिकर. शिकणाऱ्यांच्या सर्वाधिक चुका मला या ठिकाणी दिसतात. स्वल्पविराम आला की आपल्याला वाटतं नवं वाक्य सुरू झालं, आणि आपण पुन्हा 'याय' पासून मांडणी करतो.

'आणि' किंवा 'पण' यांसारखे जोडशब्द मात्र मोजले जात नाहीत. 'मेन याय ड्रिकर टे', म्हणजे 'पण मी चहा पितो', यात मोजणी 'याय' पासून सुरू होते. एक गमतीदार अपवाद 'मॉस्के' या शब्दाचा, म्हणजे 'कदाचित'. 'मॉस्के कॉमर हॅन' हे नियमाप्रमाणे बरोबर आहे, पण 'मॉस्के हॅन कॉमर' हेही चालतं. याचं कारण शब्दाच्या पोटात दडलंय. 'मॉ' म्हणजे 'होऊ शकेल' मधलं शकणं आणि 'स्के' म्हणजे घडणं. या शब्दात आधीच एक क्रियापद बसलेलं आहे, त्याची आठवण भाषेने ठेवली आहे.

क्रियापद दुसऱ्या जागी ठेवण्याची ही रीत एकट्या डॅनिशची नाही. स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक, डच, जर्मन या सगळ्या भावंडांत ती आहे. घराण्यातली इंग्रजी तेवढी त्यातून बाहेर पडली. आणि आपल्या देशातही एक भाषा असं करते: काश्मिरी. मराठीसारखीच आर्य कुळातली, पण तिच्या साध्या विधानात क्रियापद शेवटी न जाता दुसऱ्या जागी येतं.

प्रश्न विचारायचा तर पहिली जागा रिकामी ठेवायची, म्हणजे क्रियापद आपोआप पुढे येतं. 'ड्रिकर डू काफे?' म्हणजे 'पितोस का तू कॉफी?' इंग्रजीत प्रश्नासाठी आणि नकारासाठी एक मदतनीस क्रियापद बोलवावं लागतं. डॅनिशमध्येही नाही, मराठीतही नाही.

दीदेरिकसेन यांची चौकट

आता वाक्यात दोन क्रियापदं असली तर? 'उद्या मी चहा पिणार नाही' यासाठी 'स्कॅल' हे सहायक क्रियापद येतं. काळ त्याच्याकडे आहे, म्हणून दुसरी जागा त्याची. 'पिणं' म्हणजे 'ड्रिके' मागे, स्वतःच्या ठरलेल्या जागी थांबतं.

ही सगळी मांडामांड एका तक्त्यात बसवली ती डॅनिश भाषाशास्त्रज्ञ पॉल दीदेरिकसेन यांनी. त्यांचं डॅनिशचं प्राथमिक व्याकरण १९४६ साली निघालं आणि त्यातली वाक्याची चौकट आजही भाषाशाळांच्या फळ्यांवर दिसते. आपल्या सोयीने तिची नावं मराठीत अशी ठेवू:

पाया | काळाचं क्रियापद | कर्ता | इके वगैरे | दुसरं क्रियापद | कर्म | कुठे, केव्हा
इ मॉर्न | स्कॅल | याय | इके | ड्रिके | टे | येमे

'उद्या मी घरी चहा पिणार नाही.' पहिल्या जागेला दीदेरिकसेन 'पाया' म्हणतात आणि हे नाव मला फार आवडतं. वाक्य कशावर उभं करायचं ते बोलणारा ठरवतो, आणि पायाला जे नेलं त्याची आतली जागा रिकामी पडते. 'याय' ला पायाला नेलं तर कर्त्याची जागा मोकळी आणि 'उद्या' शेवटच्या खणात: 'याय स्कॅल इके ड्रिके टे येमे इ मॉर्न'. बाकीचे कुणीही जागा सोडत नाहीत.

या चौकटीची ताकद एका जोडीत दिसते. 'चावला आहे' म्हणजे 'हार बिट'.

मॅनन हार बिट हुनन.
मॅनन हार हुनन बिट.

पहिल्यात हुनन दुसऱ्या क्रियापदाच्या पलीकडे, म्हणजे कर्माच्या खणात आहे: माणूस कुत्र्याला चावला आहे. दुसऱ्यात तोच हुनन 'हार' आणि 'बिट' यांच्या मध्ये, म्हणजे कर्त्याच्या खणात आहे: माणसाला कुत्रा चावला आहे. दुसरं वाक्य रोजच्या बोलण्यात क्वचितच येईल, पण ते व्याकरणशुद्ध आहे. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, रूपं तीच, पहिला शब्दही तोच. मराठीत 'ला' ने जे केलं असतं ते इथे एका खणाच्या फरकाने झालं. डॅनिशचं व्याकरण म्हणजे जागांचं व्याकरण, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

मराठीचं व्याकरण याच्या अगदी उलट, रूपांच्या कोष्टकांनी भरलेलं. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं तेव्हाही त्यात विभक्ती आणि आख्यातांची कोष्टकंच मांडावी लागली. ते छापलं गेलं हुगळीकाठच्या श्रीरामपूरला, आणि ते श्रीरामपूर तेव्हा फ्रेडरिक्सनगर या नावाची डॅनिश वसाहत होती. डेन्मार्कने ती १८४५ साली ईस्ट इंडिया कंपनीला विकली. छापील मराठी व्याकरणाच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक डॅनिश झेंड्याखाली तयार झालं, ही गोष्ट डॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

इके: नकाराची उडी

आता सगळ्यात जास्त लाल शाई खाणारा शब्द. मुख्य वाक्यात इके काळाच्या क्रियापदानंतर येतो:

हॅन कॉम इके. (तो आला नाही.)

उपवाक्यात तोच इके क्रियापदाच्या आधी येतो:

फॉर्डी हॅन इके कॉम. (कारण तो नाही आला.)

पाठ्यपुस्तकं हा नियम सांगतात आणि पाठ करायला लावतात. मराठी माणसाने मात्र स्वतःची भाषा आठवावी. आपण 'तो आला नाही' म्हणतो, पण हेच दुसऱ्या वाक्याच्या पोटात घालायचं झालं की 'तो न आल्यामुळे' म्हणतो. 'सांगितलं नाही', पण 'न सांगता'. 'जमलं नाही', पण 'न जमल्यास'. मोकळ्या वाक्यात नकार क्रियापदाच्या मागे आणि अवलंबून असलेल्या तुकड्यात नकार क्रियापदाच्या पुढे. 'हॅन इके कॉम' आणि 'तो न आल्यामुळे' यांतला क्रम शब्दाला शब्द तोच आहे. साम्य पूर्ण नाही, हेही सांगायला हवं: मराठीत 'कारण तो आला नाही' असं म्हटलं तर क्रम बदलत नाही, आपली 'न' ची उडी कृदंतांपुरती असते. तरी 'फॉर्डी' दिसलं की मनात 'न आल्यामुळे' म्हणून बघा, इके आपोआप योग्य जागी पडेल.

पण हे होतं का? भाषाशास्त्रात याचं एक सुंदर उत्तर आहे. मुख्य वाक्यात क्रियापद मुळात आतल्या जागी असतं आणि तिथून उठून पुढे येतं. जिथे ते येऊन बसतं, तिथेच उपवाक्यात फॉर्डी (कारण), ॲट (की), विस (जर), नॉर (जेव्हा) यांच्यासारखा जोडशब्द बसलेला असतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. जोडशब्द असला की क्रियापदाला पुढे येता येत नाही, ते आतच राहतं. इके खरं तर हललेलाच नसतो. मुख्य वाक्यात क्रियापद त्याला ओलांडून गेलं आणि उपवाक्यात गेलं नाही, एवढंच.

हे पटवणारा पुरावा 'जर' च्या वाक्यांत मिळतो.

विस डे रायनर, ब्लीर वी येमे. (जर पाऊस पडला, तर आम्ही घरी राहू.)
रायनर डे, ब्लीर वी येमे. (पडला पाऊस, तर आम्ही घरी राहू.)

दोन्ही वाक्यांचा अर्थ एक. दुसऱ्यात 'विस' काढून टाकला, जागा मोकळी झाली, आणि रायनर तडक तिथे येऊन बसलं. मराठीतही 'पडला पाऊस तर' असं आपण सहज म्हणतो.

इकेच्या आगेमागे आणखी एक हालचाल होते, ती बऱ्याच उशिरापर्यंत कुणी सांगत नाही. 'मी कॉफी पीत नाही' म्हणजे 'याय ड्रिकर इके काफे'. पण कॉफीच्या जागी 'ती' हे सर्वनाम आलं की होतं 'याय ड्रिकर डेन इके'. बिनजोराचं, हलकं सर्वनाम कर्माच्या खणात थांबत नाही, ते इकेला ओलांडून क्रियापदाला चिकटायला पुढे येतं. अट एकच: मुख्य क्रियापद स्वतः पुढे गेलेलं असलं पाहिजे. 'मी ती प्यायलेलो नाही' म्हणजे 'याय हार इके ड्रॉकेद डेन'. इथे 'प्यायलेलो' म्हणजे ड्रॉकेद मागेच आहे, म्हणून डेनही त्याच्या मागेच राहतं. उपवाक्यातही तसंच: 'फॉर्डी याय इके ड्रिकर डेन'. क्रियापद हललं तर सर्वनाम हलतं, नाहीतर नाही.

यो, नॉक, वेल, विस्ट

इकेच्या खणात आणखी काही छोटे शब्द राहतात, आणि माझ्या मते डॅनिश बोलण्याचा सगळा जिव्हाळा त्यांच्यात आहे. 'हॅन एर यो स्यू': तो आजारी आहे ना, तुला माहीतच आहे. 'हॅन कॉमर नॉक': येईल तो बहुतेक. 'हॅन कॉमर विस्ट इ डॅ': आज येतोय वाटतं तो. 'हॅन कॉमर वेल?': येईल ना तो? इंग्रजीतून हे शब्द समजावताना पानभर स्पष्टीकरण द्यावं लागतं. मराठीत 'ना', 'की', 'वाटतं', 'बहुतेक' म्हटलं की काम झालं. बोलणाऱ्याला किती खात्री आहे, ऐकणाऱ्याला हे आधीच ठाऊक आहे का, हे सगळं एकेका अक्षरात सांगायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे.

फरक इतकाच की आपण 'ना' वाक्याच्या शेवटी टाकतो आणि डॅनिश माणूस तो मधल्या खणात, इकेच्या आधी ठेवतो. 'हॅन कॉमर यो नॉक इके': येणार नाहीच ना बहुतेक तो. हे शब्द न वापरता बोललेली डॅनिश बरोबर असते, पण सरकारी पत्रासारखी कोरडी लागते.

असंच एक साम्य चालू क्रियेचं. 'वाचतोय' असं खास चालू रूप डॅनिशमध्ये नाही. 'पितो' आणि 'पितोय' दोन्हींना ड्रिकरच. पण चालू असल्याचा भाव आणायचा तर डॅनिश माणूस अंगाची ठेवण सांगतो: 'हॅन सिदर ऑ लेसर', शब्दशः 'तो बसतो आणि वाचतो'. मराठीत आपण म्हणतो 'वाचत बसलाय'. 'हॅन स्टॉर ऑ वेन्टर' म्हणजे 'वाट बघत उभा आहे'. बसणं, उभं राहणं, पडून असणं, फिरत असणं, चारही ठेवणी अशा वापरतात. ही जोडी इंग्रजीच्या सवयीने कधीच सुचणार नाही, आणि मराठीच्या सवयीने लगेच सुचते.

नामांकडे थोडक्यात पाहू. लिंगं दोन, सामान्य आणि नपुंसक, म्हणजे आपल्यापेक्षा एक कमीच. 'ती विशिष्ट गाडी' म्हणायचं तर शेपूट मागे लागतं: बील म्हणजे गाडी, बीलन म्हणजे ती गाडी. हूस म्हणजे घर, हूसेद म्हणजे ते घर. पण मध्ये विशेषण आलं की शेपूट गळून पडतं आणि सुटा शब्द पुढे येतो: डेन स्टोरे बील, ती मोठी गाडी. शेजारच्या स्वीडिशमध्ये अशा वेळी दोन्ही ठेवतात. आणि डेन्मार्कमध्येच पश्चिम जटलंडच्या जुन्या बोलीत शेपूट मुळीच नाही, सुटा शब्द नेहमी पुढेच असतो.

आकड्यांचा क्रम मात्र थोडा थांबून बघण्यासारखा आहे, कारण डॅनिश आकड्यांना सगळा युरोप नावं ठेवतो आणि आपल्याला त्यांत आपलंच घर सापडतं. पंचवीस म्हणजे 'फेम-ऑ-ट्यूवे', पाच आणि वीस. आधी एकं, मग दहं, मराठीसारखंच. दीड म्हणजे 'हालआनन', म्हणजे 'दुसरा अर्धा': एक पूर्ण, दुसरा निम्मा. आपला 'दीड' ही 'द्वि' आणि 'अर्ध' यांतूनच आला. 'अडीच' चं मूळ संस्कृत 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. साडेतीनसाठी संतवाङ्मयात येणारा 'औट' हा 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. डॅनिशमध्ये पन्नास म्हणजे 'हालट्रेस'. हे 'तिसरा अर्धा गुणिले वीस' याचं आखूड रूप आहे, म्हणजे अडीच विसा. साठ 'ट्रेस', तीन विसा. सत्तर 'हालफ्येर्स', साडेतीन विसा, म्हणजे औट विसा. ऐंशी 'फीर्स', चार विसा. नव्वद 'हालफेम्स', साडेचार विसा. विसाने मोजणाऱ्या आजीला हे एकदाच सांगावं लागलं असतं.

आता सगळं एका वाक्यात आणू.

विस डे रायनर इ मॉर्न, कॉमर हॅन नॉक इके, फॉर्डी हॅन इके हार बील.

उद्या पाऊस पडला तर तो बहुतेक येणार नाही, कारण त्याच्याकडे गाडी नाही. 'विस' पासून स्वल्पविरामापर्यंतचा तुकडा म्हणजे पाया. आत 'विस' बसलेला असल्यामुळे रायनर पुढे आलेलं नाही, ते कर्त्याच्या 'डे' नंतर आहे. पायानंतर लगेच काळाचं क्रियापद कॉमर, मग कर्ता हॅन, मग मधल्या खणात आधी नॉक, मग इके. 'फॉर्डी' पासून पुन्हा उपवाक्य, म्हणून इके आधी आणि हार, म्हणजे 'आहे', नंतर.

हे सगळं शिकून तुम्ही कोपनहेगनच्या बसमध्ये बसाल आणि शेजारची डॅनिश बाई फोनवर चक्क 'फॉर्डी हॅन हार इके बील' म्हणेल, इके क्रियापदाच्या मागे. ती चुकलेली नाही. बोलण्यात फॉर्डी आणि ॲट यांच्या नंतर मुख्य वाक्याचा क्रम सर्रास येतो, विशेषतः जेव्हा तो तुकडाच सांगायची खरी गोष्ट असतो. मराठीत आपण 'गाडी नसल्यामुळे' असं न म्हणता 'कारण गाडीच नाहीये त्याच्याकडे' असं ठासून म्हणतो, तसंच ते. शहराच्या बहुभाषिक वस्त्यांत वाढलेली तरुण मुलं तर 'नू' नंतरही कधीकधी कर्ता आधी आणि क्रियापद तिसऱ्या जागी ठेवतात, आणि भाषाशास्त्रज्ञ ती त्यांच्या बोलीची खूण म्हणून नोंदवतात. 'विस' आणि 'नॉर' यांच्या नंतर मात्र बोलण्यातही सूट नाही, तिथे इके आधीच. आणि परीक्षेच्या कागदावर फॉर्डीनंतरही आधीच लिहा.